कोवळ्या कंबरेवर किती षटके?

क्रिकेटच्या गप्पांना आपल्या जिल्ह्यात तोटा नाही. मोंढ्यातील चहाचे हॉटेल असो, सलून असो वा एसटीची वाट पाहणारा घोळका असो, दोन विषय हमखास निघतात. पहिला, कोणत्या संघाने कोणता गोलंदाज घ्यायला हवा होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयपीएलच्या संघांनी लिलावापूर्वी खेळाडूंची अदलाबदल केली. पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौकडून मुंबईकडे आला, रवींद्र जडेजा आणि संजू सॅमसन यांनी संघ बदलले. तेव्हा जो तो निवड समितीचा अध्यक्ष झाला होता. दुसरा विषय, वेगवान गोलंदाजाला विश्रांती द्यावी की नाही. २०२५ साली इंग्लंडमधील पाच कसोटींपैकी जसप्रीत बुमराह तीनच खेळला. महंमद सिराज पाचही खेळला, त्याने १८५ षटकांहून अधिक गोलंदाजी केली, २३ बळी घेतले आणि ओव्हलची शेवटची कसोटी भारताने ६ धावांनी जिंकली. मग काय, एक सांगतो, ‘देशासाठी खेळताना विश्रांती कसली?’ दुसरा सांगतो, ‘कंबर मोडल्यावर देशाला काय उपयोग?’

हा वाद माझ्या दवाखान्यातही चालतो. मला मात्र बुमराह आणि सिराजपेक्षा तिसऱ्याच गोलंदाजाची काळजी वाटते. तो चौदा ते सतरा वर्षांचा असतो, भोकरदन, मंठा, घनसावंगी अशा कुठल्याही तालुक्यात राहतो आणि त्याच्यामागे ना डॉक्टर असतो ना फिजिओ. दिवाळीनंतर गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या, की या मुलाला भाव येतो. सकाळी तो आपल्या गावच्या संघाकडून टाकतो. नावनोंदणीच्या शेवटच्या दिवशी शेजारच्या गावाने त्याला ‘आपला’ म्हणून लिहून घेतलेले असते, म्हणून दुपारी तिकडे. तिसरीकडे रात्री दिव्यांच्या उजेडात अंतिम सामना असतोच. मोटारसायकलवर मागे बसवून त्याला नेतात. संघ तीन, कंबर मात्र एकच!

गोलंदाजी करताना कंबरेत काय घडते?

वेगाने धावत येऊन गोलंदाज पुढचा पाय जमिनीवर आपटतो, त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच पट किंवा त्याहून अधिक जोर पायावाटे वर चढतो. मुलगा पन्नास किलोचा असेल तर अडीच क्विंटलचा दणका समजावा. त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला कललेली आणि पीळ घेतलेली असते. प्रत्येक मणक्याच्या मागच्या भागात वरच्या व खालच्या सांध्याला जोडणारी हाडाची एक अरुंद पट्टी असते. सर्वांत जास्त ताण या पट्टीवर येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या बहुधा डाव्या बाजूला आणि कंबरेच्या चौथ्या वा पाचव्या मणक्याला इजा होते.

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा त्याच जागी वाकवली तर तुटते. हाडाचेही तसेच आहे. फरक इतकाच की हाड जिवंत असते आणि विश्रांतीच्या काळात ते स्वतःची डागडुजी करते. झीज जास्त आणि डागडुजीला वेळ कमी, असे झाले की हाडाला बारीक तड जाते. यालाच ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. कंबरेची हाडे साधारण पंचविशीपर्यंत भक्कम होत राहतात. म्हणूनच एकतीस वर्षांच्या सिराजचे उदाहरण पंधरा वर्षांच्या मुलाला लागू होत नाही.

टेनिसचा चेंडू हलका असल्याने त्रास होत नाही, असा एक गैरसमज आहे. चेंडूच्या वजनाचा प्रश्न खांद्याला व कोपराला पडतो. कंबरेला दणका बसतो तो पाय आपटण्याचा आणि पिळाचा, आणि तो चेंडू हलका म्हणून कमी होत नाही.

दुखणे उशिरा येते

‘परवा इतकी षटके टाकली, काही झाले नाही,’ असे मुले सांगतात. ऑस्ट्रेलियातील वेगवान गोलंदाजांच्या अभ्यासात वेगळेच दिसले. एका सामन्यात ५० हून अधिक षटके टाकणाऱ्यांना पुढील तीन आठवड्यांत दुखापतीचा धोका वाढलेला आढळला. म्हणजे आज केलेल्या अतिरेकाचे बिल महिनाअखेरीस येते. दुसरी गोष्ट अशी, की नेहमीच्या सवयीपेक्षा एकदम दुप्पट काम एखाद्या आठवड्यात झाले तर धोका बराच वाढतो. आपल्याकडे नेमके हेच घडते. पावसाळ्यात मैदानात चिखल म्हणून चेंडू हातात नाही आणि दिवाळीनंतर एकदम रोज गोलंदाजी.

दोन्ही बाजूंचे दाखले

ऑस्ट्रेलियाचा पॅट कमिन्स नोव्हेंबर २०११ मध्ये अठराव्या वर्षी पहिली कसोटी खेळला. जोहान्सबर्गला त्याने सामन्यात ७ बळी घेतले व सामनावीर ठरला. त्याची दुसरी कसोटी केव्हा झाली? मार्च २०१७ मध्ये, आपल्या रांचीला! मधली पाच वर्षे पाठीची स्ट्रेस फ्रॅक्चर्स आणि इतर दुखापतींत गेली. बुमराहलाही पाठीमुळे २०२२ चा टी-ट्वेंटी विश्वचषक सोडावा लागला आणि मार्च २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

यावर जुने रसिक कपिलदेवचे नाव घेतात. १३१ कसोटी, ४३४ बळी आणि दुखापतीमुळे एकही कसोटी चुकली नाही. दाखला खरा आहे. पण कपिलदेव एकच झाला. ज्यांची पाठ सतराव्या वर्षीच गेली, त्यांची नावे कोणत्याही धावफलकावर लागत नाहीत, म्हणून ती आपल्याला आठवत नाहीत.

नुसती विश्रांती म्हणजे कवचकुंडले, असेही नाही. अमेरिकेत बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्यांच्या बाबतीत हाच वाद आहे. वॉशिंग्टनच्या संघाने २०१२ मध्ये स्टीफन स्ट्रासबर्ग या तरुण खेळाडूला, कोपराच्या शस्त्रक्रियेला दोनच वर्षे झाली म्हणून, ऐन मोक्याच्या वेळी बसवले. संघ बाद फेरीत हरला आणि रसिकांनी व्यवस्थापनाला धारेवर धरले. तोच स्ट्रासबर्ग २०१९ च्या अंतिम मालिकेत सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण त्यानंतर दुखापतींनी त्याची कारकीर्द संपवली. तात्पर्य, मोजमापाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. आणि फारच कमी गोलंदाजी करणाऱ्याचे शरीरही तयार होत नाही. हाडाला व स्नायूंना काम हवेच, पण ते पायरी-पायरीने वाढलेले हवे.

किती षटके टाकावीत?

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने मुलांसाठी घालून दिलेली मर्यादा आपल्यालाही उपयोगी आहे. ही मर्यादा वेगवान व मध्यमगती गोलंदाजांसाठी आहे, फिरकीसाठी नव्हे.

१३ वर्षांखालील : सलग ५ षटके, दिवसभरात १०.
१४ व १५ वर्षांखालील : सलग ६ षटके, दिवसभरात १२.
१६ ते १९ वर्षांखालील : सलग ७ षटके, दिवसभरात १८.

याशिवाय आठवड्यात चारपेक्षा जास्त दिवस आणि सलग दोनपेक्षा जास्त दिवस गोलंदाजी करू नये. सराव आणि सामना दोन्ही धरून ही मोजणी करावयाची आहे. ही कमाल मर्यादा आहे, रोज गाठायचे उद्दिष्ट नव्हे. अमेरिकेत लहान मुलांच्या ‘लिटल लीग’ बेसबॉलमध्ये २००७ पासून चेंडू मोजणे सक्तीचे झाले. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ च्या वर फेकू देत नाहीत.

आता आपला हिशेब मांडू. एक मुलगा रोज संध्याकाळी ६० चेंडू टाकतो, पाच दिवसांचे ३०० झाले. रविवारी चार सामने, प्रत्येकी दोन षटके, म्हणजे ४८ चेंडू. प्रत्येक सामन्यापूर्वी हात मोकळा करण्यासाठी १२ प्रमाणे आणखी ४८. वाईड व नोबॉल सोडूनही आठवड्याची बेरीज ३९६ होते. हाच मुलगा महिन्यापूर्वी आठवड्याला १२० चेंडू टाकत होता. म्हणजे तिपटीहून अधिक! सामन्यात ‘फक्त आठ षटके’ टाकली, असे तो सांगेल आणि ते खोटेही नसेल.

योग्य रीत अशी, की आठवड्याची वाढ साधारण पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावी. १२० वरून १४४, मग १७० च्या आसपास, मग २०० च्या आसपास. यासाठी महागडे यंत्र लागत नाही, दोन रुपयांची पेन्सिल आणि एक वही पुरे. तारीख, चेंडू आणि कंबर दुखली की नाही, एवढे तीन रकाने पाडावेत.

बाकीचे कष्टही मोजा

आपल्या भागातील मुलांचे काम क्रिकेटवर थांबत नाही. पुष्कळ मुले पहाटे पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावतात, दिवसा कापूस वेचतात वा मोसंबीचे क्रेट उचलतात आणि संध्याकाळी गोलंदाजी करतात. कंबर एवढेच ओळखते की आज किती ओझे पडले, ते कोणत्या खात्यावर पडले हे तिला कळत नाही. ज्या दिवशी पोती उचलली त्या दिवशी गोलंदाजी टाळावी. धावायचे असल्यास मातीच्या रस्त्यावर धावावे. भाकरी, डाळ, दूध-दही, अंडी, शेंगदाणे असा पोटभर आहार आणि रात्री आठ-नऊ तास झोप हवी, कारण हाडाची डागडुजी तेव्हाच होते. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारचे सामने ठेवूच नयेत.

ही लक्षणे ओळखा

वाढत्या वयाच्या गोलंदाजाची कंबर दुखते तेव्हा ‘उसण भरली’ म्हणून सोडून देऊ नये. कंबरेच्या एकाच बाजूला दुखणे, मागे वाकताना किंवा एका पायावर उभे राहून मागे वाकताना कळ येणे, गोलंदाजीने वाढणे व विश्रांतीने थांबणे, ही तड गेल्याची लक्षणे असू शकतात. दुखणे दोन आठवडे टिकले वा गोलंदाजी सुरू करताच परतले, तर अस्थिरोग तज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, त्यामुळे एमआरआय करायला सांगितल्यास डॉक्टर उगीच खर्चात पाडतात असे समजू नये. पायात मुंग्या, बधिरता, रात्रीचे दुखणे वा ताप असल्यास थांबू नये. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यास तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. कंबर जोराने चोळून वा ‘बसवून’ घेणे धोक्याचे. वेदनाशामक गोळी घेऊन खेळणे म्हणजे रेल्वे फाटकावरचा लाल दिवा फोडून गाडी पुढे दामटणे होय.

मागील एका हंगामात जाफराबाद तालुक्यातील सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन चार-पाच जण माझ्याकडे आले. ‘डॉक्टरसाहेब, संध्याकाळी फायनल आहे, एक इंजेक्शन द्या,’ एवढीच मागणी. मुलाला मागे वाकवले तर डोळ्यांत पाणी आले. मी इंजेक्शन दिले नाही. पुढे एमआरआयमध्ये डाव्या बाजूला तड निघाली. वेळेत सापडली म्हणून चार महिने गोलंदाजी बंद ठेवून व नंतर व्यायाम करून ती भरून आली. अशीच तड दुर्लक्षाने दोन्ही बाजूंना गेली, तर मणका पुढे सरकू शकतो आणि मग क्रिकेटच काय, भरतीचे मैदानही दुरावते. त्या दिवशी संघाने काय केले? शेजारच्या गावातून दुसरा मुलगा आणला. संघाला बदली गोलंदाज तासाभरात मिळतो, मुलाला बदली कंबर जन्मात मिळत नाही.

पालक व आयोजकांस विनंती

आयोजकांनी सतरा वर्षांखालील मुलाला एका दिवशी एकाच संघाकडून खेळू द्यावे, आणि पंचांच्या वहीत त्याची दिवसाची षटके लिहावीत. पालकांनी बक्षिसाच्या रकमेआधी चेंडूंची वही पाहावी. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी पाठ, पोट व मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावा. आपल्या मराठवाड्यात गुणांची वाण नाही. जालन्याच्या विजय झोलने २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर २०२२ च्या त्याच स्पर्धेतील विजेत्या संघात होता. पुढचा गोलंदाज आपल्या जिल्ह्यातूनही निघेल. तो पंचविशीपर्यंत धडधाकट राहील, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे. येत्या रविवारी मैदानावर जाल तेव्हा धावांबरोबर त्याचे चेंडूही मोजा.