डिंक्या रोग आणि सोबती बुरशी

रात्री दुधात चमचाभर विरजण घातले, की सकाळी दही तयार. हे काम कोण करते? डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. असेच जीव मातीतही असतात. ओंजळभर मातीत ते कोट्यवधी असतात. त्यांतले काही झाडाचे वैरी, तर काही सोबती.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. पाणी धरून ठेवणारी जमीन धानाला मानवते. लिंबाला आणि संत्र्याला मात्र ती बाधते. बांधीच्या कडेला लिंबू लावले आणि पावसाळाभर बुडाशी पाणी साचले, तर डिंक्या रोग येतो. बुंध्याची साल तडकते. तिच्यातून डिंक गळतो. खाली बारीक मुळ्या सडतात. मग पाने पिवळी पडतात, फळे गळतात आणि एक दिवस झाड वाळते. संत्र्याचे झाड फळावर यायला चार-पाच वर्षे लागतात. तेवढी मेहनत चुलीत जाते. लोक म्हणतात, नजर लागली. नजर कसली! ही फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीची करणी आहे. तिचे बीज साचलेल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत जाते.

या बुरशीचा वैरीही मातीतच राहतो. त्याचे नाव ट्रायकोडर्मा. हीसुद्धा बुरशीच, रंगाने हिरवी. ती रोगाच्या बुरशीला वेटोळे घालते, तिला भोक पाडते आणि आतला रस खाते. तिचे अन्न आणि जागाही बळकावते. ही गोष्ट १९३२ साली अमेरिकेत रिचर्ड विंडलिंग या शास्त्रज्ञाने दाखवून दिली. पुढे तिकडे लिंबूवर्गाच्या रोपांवरच तिचे प्रयोग झाले. आपल्या शेजारी नागपूरला लिंबूवर्गीय फळांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८५ मध्ये निघाले. आज ती केंद्रीय संस्था आहे. संत्रा-लिंबाच्या रोगांवर तिथे काम चालते.

ट्रायकोडर्मा भुकटीच्या पुडीत मिळते. ती नुसती जमिनीवर फेकू नका. शंभर किलो चांगले कुजलेले शेणखत सावलीत पसरा. त्यात एक किलो भुकटी मिसळा. पाणी शिंपडून ओलसर करा. मुठीत दाबले तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. ओल्या पोत्याने झाका आणि मधून मधून खालीवर करा. दहा-पंधरा दिवसांत बुरशी वाढते. विरजण लावण्यासारखेच आहे हे. मग पावसाळ्याच्या तोंडाला हे खत झाडाच्या घेरात, बारीक मुळ्या असतात तिथे, मातीत मिसळा. बुंध्याला ढीग लावू नका. जमीन ओली पाहिजे. कोरड्या मातीत ही बुरशी वाढत नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बुंध्याला मोरचूद आणि चुन्याचा मलम लावतात, तो चांगलाच आहे. पण मोरचूद बुरशी मारते, आणि मारताना वैरी कोण, सोबती कोण, हे पाहत नाही. म्हणून मातीत मोरचूद किंवा दुसरे बुरशीचे औषध ओतले असेल, तर निदान पंधरा दिवस थांबा.

आणि पाणी साचू देऊ नका! आमच्या मते अर्धा रोग तिथेच थांबतो. झाडाला दोन आळी करा, आतले कोरडे, बाहेरचे पाण्याचे. बुंध्याला पाणी लागता कामा नये. कलम केलेला सांधा जमिनीच्या वर वीतभर तरी ठेवा. अर्धे वाळलेले झाड मात्र या भुकटीने उठत नाही. ती चांगल्या झाडाची राखण करते.

पुडी घेताना तिच्यावरची तारीख स्वतः वाचा. आत जिवंत माल आहे, मुदत संपली की तो मरतो. उन्हात ठेवलेली पुडीही घेऊ नका. घरी आणून सावलीत, थंड जागी ठेवा. किती टाकायची ते पुडीवर छापलेले असते. अक्षर बारीक असेल, तर दुकानदाराला मोठ्याने वाचायला लावा आणि आपण बोट ठेवून ताडून पाहा. तरीही शंका राहिली, तर साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा. जाताना रोगट सालीचा तुकडा आणि मूठभर मुळ्या सोबत न्या.