बूस्ट ठरवायचा तो मे महिन्यातल्या दुपारी

सुपरचार्जरची गाडी आपल्याकडे शोरूममधून फारशी आलीच नाही. जी आली त्यात पुण्यात जुळणी होणारी मर्सिडीज सी 200 कॉम्प्रेसर बरीच खपली. 1.8 लिटरचे इंजिन आणि क्रँकच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. आज ती जुन्या बाजारात मोह पडेल अशा भावात मिळते, आणि घेतल्यावर पहिला प्रश्न हमखास हाच असतो: पुली बारीक करून बूस्ट वाढवता येईल का? दुसरा प्रश्न: हवेचा पाइप जाड टाकू का?

आधी बूस्ट. आपले भिलाई समुद्रसपाटीपासून साधारण 300 मीटर उंच, म्हणजे हवेचा मूळ दाब 14.2 पीएसआयच्या आसपास. त्यावर 7 पीएसआय बूस्ट दिला की दाब जवळजवळ दीडपट होतो. हवा दाबली की तापते. साध्या सुपरचार्जरची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर जानेवारीतल्या 12 अंशांच्या सकाळी पंपातून हवा सुमारे 70 अंशांवर बाहेर पडते. मे महिन्यात, 44 अंशांच्या उन्हात, तीच हवा 108 अंशांवर जाते. बूस्ट 10 पीएसआय केला तर 130 अंश. इंटरकूलर यातली बरीच उष्णता काढतो, पण हवा बाहेरच्या तापमानाखाली नेणे त्याच्या हातात नाही. आणि सिग्नलला उभ्या गाडीत समोरून वाराच नसतो. तापलेल्या हवेने नॉकिंग सुरू होते आणि पिस्टन भाजतात. म्हणून हिवाळ्यात मस्त पळणाऱ्या गाडीवर ईसीयूचा मॅप पक्का करणाऱ्या ट्यूनरला माझ्या मते अर्धेच पैसे द्यावेत. उरलेले मे महिन्यात दुपारी लॉग पाहून.

साध्या, बिनबूस्टच्या गाडीला किट बसवायचे डोक्यात असेल तर कॉम्प्रेशन रेशो विचारा. हल्लीच्या मारुती 1.2 ड्युअलजेटचा तो 12:1 आहे. पिस्टन न बदलता त्यावर बूस्ट चढवणे हा पैसे जाळायचा खात्रीचा मार्ग. 10:1 किंवा त्याखालचे इंजिन असेल तर इंटरकूलरसह 5 ते 6 पीएसआयवर थांबा. पंपावर मिळणाऱ्या ई-20 पेट्रोलचा ऑक्टेन 95 च्या घरात असतो, नॉकिंगच्या दृष्टीने ते बरेच. मात्र इथेनॉलमुळे इंजेक्टरना मुळातच जास्त इंधन सोडावे लागते आणि बूस्ट त्यात भर घालतो. इंजेक्टर आणि इंधनपंप यांची क्षमता मोजल्याशिवाय पुलीला हात लावू देऊ नका. 2008 च्या सुमाराची गाडी असेल तर इंधनाच्या रबरी नळ्याही ई-20 साठी तपासून घ्या.

आता पाइप. 1.8 लिटरचे इंजिन 6,000 फेऱ्यांवर, 7 पीएसआय बूस्टला, सेकंदाला साधारण 120 लिटर बाहेरची हवा ओढते. पंपातून निघताना तीच हवा दबून 80 ते 100 लिटरमध्ये मावते. म्हणजे जाड पाइप हवा तो फिल्टरपासून पंपापर्यंत. लोक मात्र बॉनेट उघडल्यावर दिसणारा, इंटरकूलरनंतरचा चकचकीत पाइप जाड करतात. दोन इंची ट्यूबमध्ये, आतला व्यास 48 मिलिमीटर धरून, ओढीच्या बाजूला हवेचा वेग सेकंदाला 66 मीटर येतो. अडचण सुरू होते ती 130-140 च्या पुढे. ओढीला अडीच इंच आणि दाबाच्या बाजूला दोन इंच, एवढ्यात काम भागते. तीन इंची पाइप फक्त जागा खातो आणि वळणे वाढवतो.

भिलाईत यात एक खास गोची आहे. पोलाद कारखान्याच्या ठेकेदारांना माल देणाऱ्या दुकानात ‘दोन इंच’ मागितले की नॉमिनल बोअरचा पाइप हातात पडतो. त्याचा बाहेरचा व्यास 60.3 मिलिमीटर. गाडीचा सिलिकॉन कपलर असतो 51 मिलिमीटरचा. तो त्यावर चढणारच नाही. शिवाय शेड्यूल 10 चा असला पाइप मीटरला जवळजवळ चार किलो भरतो, तर दीड मिलिमीटर जाडीची स्टेनलेस ट्यूब दोन किलोंच्या आत. तेव्हा ‘50.8 ओडी, दीड एमएम ट्यूब’ असेच सांगा आणि व्हर्नियर लावून घ्या. आर्गन वेल्डिंग करणारे चांगले कारागीर मात्र या गावात हवे तितके. जोडाच्या आत वितळलेला थेंब राहिला नाही ना, हे बोट फिरवून पाहा. तो सुटला तर थेट इंजिनात जातो.

खर्चाचा माझा अंदाज असा. ट्यूब, वळणे, कपलर, क्लँप आणि वेल्डिंग मिळून 10 ते 18 हजार. इंटरकूलर 10 ते 25 हजार. हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर 15 ते 25 हजार. हा चुकवू नका. ईसीयूचे मॅपिंग 25 ते 50 हजार, आणि ट्यूनर बाहेरगावाहून येणार असेल तर त्याचे जाणे-येणे वेगळे. परदेशी सुपरचार्जर किट आणवायचे तर शुल्कासह तीन लाखांपुढेच बोलणी होतात. कारखान्यातूनच टर्बो लागून आलेल्या गाडीला, म्हणजे टीएसआय किंवा बूस्टरजेटला, पहिल्या टप्प्यात पाइपच लागत नाही, मॅप पुरतो. उघडा कोन फिल्टर मी तरी घेणार नाही. तो बॉनेटमधलीच तापलेली हवा ओढतो आणि इथली धूळही.

कायद्याचे मात्र कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरील नोंदींशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विमा कंपनीला न कळवता बदल केला तर दावा अडकू शकतो. दुर्गच्या आरटीओत आणि विमा एजंटाकडे आधी लेखी विचारा, मग आगाऊ रक्कम द्या.

22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे. जुना 28 टक्क्यांचा दर लावला तर हटका. बिलावर पुलीचा व्यास आणि ट्यूबची मापे लिहून घ्या. मूळ पुली आणि मूळ मॅपची फाइल पेन ड्राइव्हवर स्वतःकडे ठेवा, कारण गाडी विकताना घेणारा बहुधा तेच मागतो.