हातातलं काम सोडू नका

आमचं घर रायपूरच्या बूढापाऱ्यात. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी. आयटीआयमधून टर्नर झाले ती मुलगा म्हणून. आपण मुलगी आहोत हे कळलं होतं, बोलायची हिंमत नव्हती. पुढे एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. ते काम मला आवडलं, कारण तिथे माणसापेक्षा जॉब बघतात. मायक्रोमीटरवर माप बसलं की विषय संपला.

केस वाढवले तेव्हा टोमण्यांच्या आधी भीती वाटली ती चकची, म्हणजे जॉब पकडून फिरणाऱ्या लेथच्या जबड्याची. फिरत्या चकला केसांची बट, ओढणी, बांगडी, बाहीचं टोक, काहीही पुरतं. हात कधी ओढला गेला ते कळतही नाही. केस घट्ट टोपीत, बांगड्या डब्याच्या पिशवीत, ओढणी घरी. लेथवर हातमोजेसुद्धा घालायचे नाहीत, हे तर आयटीआयमध्येच शिकवतात. नटायला संध्याकाळ आहे.

हार्मोनच्या गोळ्यांचं मात्र सविस्तर सांगते. आपल्यातल्या कितीतरी जणी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाला येईल तशा घेतात. त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, बिडी-सिगारेट असेल तर आणखी. पुरुषी हार्मोन दाबायला स्पायरोनोलॅक्टोन देतात, ती मुळात लघवी वाढवणारी गोळी. आता मे महिना धरा. वर तापलेला पत्रा, शेजारी भट्टी, आणि सगळ्यांत मिळून एक संडास, त्यालाही कडी नाही. तिकडे जावं लागू नये म्हणून मी सकाळपासून पाण्याला तोंड लावत नसे. एका दुपारी मशीन चालू असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. उस्तादांनी धावत येऊन मोटर बंद केली, म्हणून बोटं शाबूत आहेत. "बीमार है तो बोल ना बेटा," एवढंच म्हणाले.

तेव्हा गोळ्या घ्यायच्या तर एंडोक्रायनॉलॉजिस्टकडून, आणि रक्तातलं पोटॅशियम वेळच्या वेळी तपासून. डॉक्टरला आपलं कामही सांगा: भट्टीशेजारी उभे असता का, वजन किती उचलता. औषधांनी ताकद हळूहळू कमी होते. पूर्वी एकटीने चढवत होतात तो चक आता जोडीदाराला हाक मारून चढवा. त्यात कमीपणा नाही.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालानंतर तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आला, आणि ओळखपत्र देण्याचं काम जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेलं. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी समाजकल्याण खात्यात आजची पद्धत विचारून घ्या. मग आधार, बँक, पीएफ आणि आयटीआयचं प्रमाणपत्र, सगळीकडे एकच नाव. प्रमाणपत्रावर जुनं नाव राहिलं की तुमचा हात किती बसलेला आहे हे बघायच्या आधीच गेटवरून परत पाठवतात.

घरात बोलणं बंद झालं तेव्हा मला किन्नरांच्या डेऱ्यातल्या गुरूंनी जेवू घातलं. त्यांच्याविरुद्ध मी अक्षर काढणार नाही. आणि रागाच्या भरात वर्कशॉप सोडायला निघाले, तेव्हा अडवलं तेही त्यांनीच. आपल्याला नोकरीवर कोण ठेवतो, असं म्हणणाऱ्यांना मी इथलीच उदाहरणं देते. रायगडला, म्हणजे आपल्या छत्तीसगढच्या रायगढला, २०१५ मध्ये मधू किन्नर महापौर झाल्या. २०२१ मध्ये छत्तीसगढ पोलिसांत १३ तृतीयपंथी उमेदवार शिपाई म्हणून निवडले गेले. मन फारच खचलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट लागतो.

वर्कशॉपच्या मालकांनाही एक विनंती. त्याच कायद्याच्या २०२० च्या नियमांत सर्वांना वापरता येईल अशा संडासाचा उल्लेख आहे. तो बांधणं जमेल तेव्हा जमेल. आहे त्याला आजच आतून कडी लावून घ्या.