धमनीतील मेदाचा थर आणि प्रथिनाची कसोटी

इटलीतील लिमोने गावातील काही कुटुंबांच्या रक्तात हितकर कोलेस्टेरॉल अत्यल्प असूनही हृदयविकार विरळाच होता. याच्या मुळाशी असलेल्या आगळ्या प्रथिनाचा शोध १९८० साली प्रसिद्ध झाला. धमनीतील मेद यकृताकडे वाहून नेण्यास असे प्रथिन साहाय्य करते. २००३ साली अमेरिकेत ४७ रुग्णांच्या प्रयोगात, ज्यांना ते पाच आठवडे शिरेतून दिले, त्यांच्या धमनीतील थर सुमारे ४ टक्क्यांनी घटला.

मात्र २०२४ साली, याच वर्गातील मानवी रक्तद्रवातून मिळविलेल्या प्रथिनाची अठरा हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयरोगाने होणारे मृत्यू ९० दिवसांत लक्षणीय घटले नाहीत. थर आटला म्हणजे प्राण वाचला, असे नव्हे. तंबाखूवर्जन, रक्तदाबतपासणी आणि वैद्यकीय सल्ल्याने नियमित औषधे, हाच आजही खात्रीचा मार्ग होय.