खाडीपलीकडचे माहेर

पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्यापाशी आत वळले की नसरापूर लागते. पुण्यापासून हे गाव सुमारे ३५ किलोमीटर दूर आहे. गावाजवळच, गर्द झाडीत, नानासाहेब पेशव्यांच्या काळातले बनेश्वराचे देऊळ आहे. शेजारून शिवगंगा वाहते.

या गावातील एका घरात आजी, आई-बाबा आणि दोन भावंडे राहत. आजीचे माहेर कोकणात, गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरास. तिचे थोरले बंधू वयोमानामुळे घराबाहेर पडेनासे झाले होते. दोघांची भेट होऊन कित्येक वर्षे लोटली होती. एके दिवशी आजी म्हणाली, "दादाला एकदा डोळे भरून पाहीन म्हणते. आणि वाटेत हरिहरेश्वरी कुलदैवताचे दर्शन घडले, त्याच्या भोवती एक प्रदक्षिणा झाली, की माझे काही मागणे उरले नाही."

मार्गशीर्ष महिन्यात जाण्याचे ठरले. प्रवासाची आखणी बाबांनी थोरल्या मुलीवर सोपवली. ती सातवीत होती. तिने नकाशा पसरला, दोरा घेतला आणि रस्त्याच्या वळणावळणाने लावून अंतरे मोजली. नसरापूर, भोर, वरंधा घाट, महाड, म्हसळा, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर असा पहिला टप्पा तिने लिहून काढला. पुढे मात्र तिचा दोरा अडला. सावित्री नदीची खाडी आडवी आली होती. अलीकडे बागमांडले, पलीकडे वेसवी; नकाशावर दोन्ही गावे अगदी समोरासमोर. परंतु जमिनीवरून जायचे तर खाडीच्या कडेने बरेच आत जाऊन, पूल ओलांडून पुन्हा समुद्राकडे यावे लागते. त्यापुढे दाभोळपाशी पुन्हा तेच. तेथे वाशिष्ठी नदीची खाडी आडवी येते. पलीकडचे धोपावे दाभोळहून दिसते, पण रस्त्याने जाण्यास चिपळूणच्या बाजूने मोठा वळसा पडतो.

"या दोन्ही ठिकाणी फेरीबोट आहे," बाबा म्हणाले. "माणसे, गाड्या, सारे काही तीवर चढते. कोकणात तिला जंगलजेटीही म्हणतात. तळ सपाट असतो आणि पुढची फळी खाली पडून धक्क्यावर टेकते, की गाडी सरळ आत जाते. धक्का मुद्दाम उतरता बांधतात, म्हणजे पाणी चढलेले असो वा उतरलेले असो, फळी टेकण्यास कोठे ना कोठे जागा मिळते."

मुलीला आनंद झाला. तिने भराभर वेळा मांडल्या: पहाटे निघावयाचे, दुपारी तीन वाजता हरिहरेश्वरी पोहोचावयाचे, लगेच दर्शन व प्रदक्षिणा, आणि संध्याकाळी खाडी पार. तिने कागद आजीपुढे धरला.

आजीने तो वाचला व हसून विचारले, "अगं, त्या दिवशी तिथी कोणती?"

"तिथीचा येथे काय संबंध, आजी?"

"हरिहरेश्वराची प्रदक्षिणा रस्त्यावरून नसते, पोरी. ती समुद्राच्या खडकांवरून असते. भरतीचे पाणी त्या खडकांवर आदळते. अवेळी गेलेली माणसे तेथे लाटांनी ओढून नेली आहेत. जायचे ते ओहोटीलाच."

मग आजीने नातीला किनाऱ्यावरचा जुना हिशेब शिकवला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. जी संख्या येईल, सुमारे तितक्या वाजता पूर्ण भरती असते. त्यानंतर सहा तास बारा मिनिटांनी पूर्ण ओहोटी. चंद्राच्या ओढीने समुद्राचे पाणी चढते-उतरते आणि तिथीही चंद्रावरूनच मोजतात. म्हणून हा हिशेब जुळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एकाच रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास येते ती भांगाची भरती. तिचा चढ कमी असतो.

मुलीने पंचांग उघडले. पोहोचण्याच्या दिवशी तृतीया होती. तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सव्वादोन वाजता पूर्ण भरती! तीन वाजता आजीला खडकांवर नेणे म्हणजे तिला लाटांच्या तोंडी देणे. मुलीचा चेहरा उतरला. तिने तो कागद फाडला नाही, त्यावर एक रेघ मारली आणि खाली नव्याने लिहिले: "चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनला भरती, सव्वानऊच्या आत ओहोटी. मुक्काम हरिहरेश्वरी. प्रदक्षिणा दुसऱ्या दिवशी सकाळी आठनंतर, तेथील माणसांना विचारून." या हिशेबात थोडा फरक पडू शकतो, म्हणून भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रकही तिने ताडून पाहिले.

बाबांनी तिला आणखी दोन गोष्टी करण्यास सांगितल्या. दोन्ही धक्क्यांवर दूरध्वनी करून शेवटची फेरी किती वाजता सुटते ते विचारावे, कारण या वेळा बदलतात आणि पावसाळ्यात वादळवारा असला तर फेऱ्या बंदही राहतात. दुसरे म्हणजे, प्रत्येक दिवसात दोन तास मोकळे सोडावेत.

"त्या दोन तासांत काय पाहायचे?" धाकट्याने उत्सुकतेने विचारले.

"काहीच नाही," बाबा म्हणाले. "ते अडचणीसाठी राखून ठेवायचे. रस्ता आपली वाट पाहतो. पाणी पाहत नाही."

त्या रात्री जेवणानंतर बाबांनी मुलांना मोठ्या प्रवासांच्या गोष्टी सांगितल्या. १९५७ साली लंडनहून एक प्रवासी बस अनेक देश ओलांडून कलकत्त्यास आली. इंग्लंड सोडतानाच तिला समुद्र आडवा होता. इंग्लिश खाडीचा सर्वांत अरुंद भागही सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. पुढे इस्तंबूल शहरी युरोप व आशिया यांच्यामध्ये बॉस्फोरसची सामुद्रधुनी आहे. तीवर पहिला पूल झाला तो १९७३ साली. तोवर गाड्यांना बोटीनेच खंड बदलावा लागे. देशोदेशींच्या अशा प्रवासात आणखी एक बंधन असते. प्रवाशास पारपत्र लागते, त्यावर त्या त्या देशाचा परवाना लागतो. अनेक देशांत गाडीलाही जकातीची हमी देणारा कागद लागतो. एक कागद विसरला, तर सुरेख रस्ता समोर असूनही सीमेवरून परतावे लागते.

"आपल्याला मात्र एकही सीमा नाही," धाकटा म्हणाला.

"आज नाही. परंतु १९४८ पूर्वी हाच प्रवास केला असता तर भोर संस्थानातून इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात, तेथून श्रीवर्धनास जंजिरा संस्थानात आणि खाडी ओलांडून पुन्हा इंग्रजी अमलाखालच्या रत्नागिरी जिल्ह्यात, असे जावे लागले असते. आणि गंमत पाहा. पेशवे बाळाजी विश्वनाथ मूळचे श्रीवर्धनचे. ते घाट चढून देशावर आले. त्यांच्याच नातवाच्या काळात आपले बनेश्वराचे देऊळ झाले. आपण त्यांच्या मूळ गावाकडे निघालो आहोत."

ठरल्या दिवशी पहाटे गाडी निघाली. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद असतो. मार्गशीर्षात तो मोकळा होता. दुपारी मंडळी हरिहरेश्वरी पोहोचली तेव्हा प्रदक्षिणेच्या वाटेवर फेसाळ पाणी उसळत होते. मुलीने ते पाहिले आणि आजीचा हात घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी ओले, शांत खडक उघडे पडले होते. नातवंडांच्या आधाराने आजीने सावकाश प्रदक्षिणा पूर्ण केली.

बागमांडल्यास खाडी पार करून गाडी दापोलीच्या वाटेला लागली. तेथे एका चढावर चाक पंक्चर झाले. बदली चाकातही हवा कमी निघाली. गावातून माणूस येईपर्यंत आणि काम पुरे होईपर्यंत पावणेदोन तास गेले. हर्णैला थांबून सुवर्णदुर्ग पाहण्याचे धाकट्याच्या मनात होते. तो काही वेळ गप्प बसला, मग आपणच म्हणाला, "किल्ला परतताना पाहू. आजीची बोट चुकायला नको."

दाभोळच्या धक्क्यावर गाडी पोहोचली तेव्हा ऊन कलले होते. दिवसाच्या शेवटच्या फेरीची बोट फळी टाकून उभी होती. गाडी आत चढली, फळी उचलली गेली आणि वाशिष्ठीचे रुंद पाणी मागे सरू लागले. राखून ठेवलेल्या दोन तासांपैकी एक पाव तास तेवढा शिल्लक होता.

वेळणेश्वरी पोहोचण्यास रात्र झाली. अंगणात कंदील घेऊन घरची माणसे उभी होती. आजीचे बंधू ओसरीवर खुर्चीत बसले होते. त्यांना दिसत कमी होते; पावलांच्या आवाजावरून त्यांनी बहिणीला ओळखले. "आलीस? मला वाटले, तर चुकली," ते म्हणाले. जुन्या माणसांच्या तोंडी फेरीबोटीला अजून 'तर' हाच शब्द आहे.

"चुकली असती, दादा," आजी म्हणाली. तिने नातीला पुढे घेतले. "या पोरीने पाण्याची वेळ पाळली."

स्वाध्याय

१. मुलीच्या पहिल्या आखणीत कोणती चूक होती? ती कोणी व कशी दाखवून दिली?
२. षष्ठीस पूर्ण भरती सुमारे किती वाजता असेल? त्यानंतरची ओहोटी केव्हा येईल?
३. "रस्ता आपली वाट पाहतो. पाणी पाहत नाही." या वाक्यांचा अर्थ पाठातील प्रसंगाच्या आधारे स्पष्ट करा.
४. धाकट्याने किल्ला पाहण्याचा हट्ट का सोडला?
५. वाक्यांत उपयोग करा: डोळे भरून पाहणे, चेहरा उतरणे, ताडून पाहणे.
६. आपल्या गावाहून दोन दिवसांच्या एखाद्या प्रवासाची आखणी लिहून काढा. अडचणीसाठी किती वेळ राखाल व का, तेही लिहा.