रुग्णालयीन व्रणातील बुरशीसंसर्ग : ओळख व नमुनाग्रहण

व्रण भरत नाही, प्रतिजैविके बदलून झाली, तरीही कडा काळवंडत चालल्या आहेत. अशा वेळी केवळ 'जंतुसंसर्ग' या निदानावर थांबता येत नाही. २०२१ मध्ये कोविडोत्तर म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात अनेकांचे नाक, डोळे व जबडे ग्रासले, तेव्हा 'काळी बुरशी' हे नाव घरोघरी पोचले. याच वर्गातील बुरशी त्वचेच्या व्रणातही शिरते, याकडे मात्र वैद्यवर्गाचे लक्ष कमी जाते.

सुश्रुताचार्यांनी दुष्टव्रणाचा वर्ण, गंध, स्राव व वेदना यांवरून विचार केला असून मधुमेहीचा व्रण कष्टसाध्य मानला आहे. निरीक्षणाची ही शिस्त आजही मोलाची आहे. तथापि श्याव-कृष्ण वर्ण दिसला म्हणून वातदुष्टी ठरवावी, जात्यादि तेलाचा पिचू ठेवावा आणि आठवडाभर वाट पाहावी, हे आम्हास मान्य नाही. म्युकर वर्गातील बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, म्हणून मांस मरते व काळे पडते. हा प्रसार काही तासांतही वाढलेला दिसू शकतो.

अनियंत्रित मधुमेही, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, भाजलेले व अतिदक्षता विभागातील रुग्ण यांच्याबाबत संशय जागा ठेवावा. मातीने माखलेली जखमही तितकीच संशयास्पद होय. अपोफायसोमायसिस या बुरशीचे वर्णन १९७९ मध्ये भारतातील आंबराईच्या मातीतून झाले; ती धडधाकट माणसाच्या अपघाती जखमेतही वाढते. पट्टीही निर्दोष असतेच असे नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील रुग्णालयांत चिकट बँडेजमधून ऱ्हायझोपस बुरशी जखमांत गेल्याचे आढळले होते.

आमच्या वसमत भागात जखमेत हळद दाबून आलेला रुग्ण नवा नाही. हळदीचे गुण आम्हास ठाऊक आहेत. परंतु पिवळ्या थराखाली व्रणाच्या तळाचा वर्ण दिसत नाही. प्रथम व्रण धुवावा, मगच मत बनवावे.

आता नमुन्याविषयी. वरवरचा स्वॅब पुरेसा नाही. त्यात कॅन्डिडा आढळला तरी तो केवळ पृष्ठभागावर वसलेला असू शकतो. पृष्ठभागावरील पू सलाइनने काढून मृत व जिवंत मांसाच्या सीमेवरील तुकडा शल्यचिकित्सकाकडून घ्यावा व त्याचे दोन भाग करावेत. एक निर्जंतुक सलाइनमध्ये सूक्ष्मजीव तपासणीसाठी, दुसरा फॉर्मॅलिनमध्ये ऊतीपरीक्षणासाठी. सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला, तर कल्चर होत नाही. सलाइनमधील भाग फ्रिजमध्ये ठेवू नये. चिठ्ठीवर 'बुरशीचा संशय' असे स्पष्ट लिहावे. कारण तुकडा घोटला तर म्युकरचे नाजूक तंतू नष्ट होतात, तो बारीक कापावा लागतो.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडची तपासणी त्याच दिवशी उत्तर देते. रुंद, फितीसारखे, क्वचितच पडदे असलेले व काटकोनात फुटणारे तंतू म्युकर वर्गाकडे बोट दाखवितात. अरुंद, पडदेदार व लघुकोनात फुटणारे तंतू अस्परजिलससारख्या बुरशीकडे. कल्चर निरंक आले म्हणून संसर्ग नाही असे समजू नये.

म्युकरचा संशय बळावताच मृत मांसाचे छेदन व अँफोटेरिसिन यांसाठी रुग्ण त्वरित पाठवावा. आमच्याकडून नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. चिठ्ठीत जखमेची वेळ, रक्तशर्करा व दिलेली औषधे लिहावीत. काळेपणाची कड त्वचेवर पेनाने आखून शेजारी तारीख व वेळ टाकावी, म्हणजे प्रवासात ती किती सरकली हे तेथील शल्यचिकित्सकास लगेच दिसते.