गोव्यात अडकलेला स्पेनचा राजदूत

प्रश्न : इराणच्या शाहकडे युरोपातून राजदूत जात, ते आपल्याकडून कधी गेले होते का? (एक वाचक, सिरसाळा, ता. परळी)

उत्तर : हो, गोव्यातून गेले. त्यांतला मला सर्वांत जवळचा वाटतो तो डॉन गार्सिया दे सिल्वा इ फिगेरोआ. स्पेनच्या तिसऱ्या फेलिपेने त्याला शाह अब्बासकडे धाडलं, तेव्हा त्याची साठी उलटून गेली होती. 1614 च्या अखेरीस तो गोव्यात उतरला आणि तिथंच मार्च 1617 पर्यंत ताटकळला. पोर्तुगालवर तेव्हा स्पेनच्याच राजाची सत्ता होती, तरी गोव्यातले पोर्तुगीज या स्पॅनिश माणसाला पाण्यात पाहत. होर्मुझला जायला जहाज द्यायचं तर तेही त्यांच्याच हातात. सव्वादोन वर्षं त्यांनी त्याला झुलवत ठेवलं.

दख्खनचा इराणशी संबंध मात्र त्याआधीचा. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा एलची खुर्शाह बिन कुबाद 1545 मध्येच शाह तहमास्पच्या दरबारी पोचला होता.

गोव्यातून सुटून फिगेरोआ अखेर इराणात पोचला. 1618 च्या एप्रिलमध्ये शिराझहून पुढं जाताना तो चेहेल मिनारच्या भग्न खांबांपाशी थांबला. हेच सिकंदराने जाळलेलं पर्सेपोलिस, हे त्याने जुन्या ग्रीक ग्रंथांच्या आधारे ताडलं. भिंतींवरची लिपी त्याने नीट न्याहाळली. अक्षरं त्रिकोणी, एका टोकाला निमुळती, सगळी एकाच घडणीची, फक्त मांडणी वेगळी. ती ना अरबी, ना ग्रीक, ना हिब्रू, हे ओळखून त्याने चित्रकाराकडून एक ओळ उतरवून घेतली. ही कीलाकार लिपी वाचता यायला पुढं दोनशे वर्षं लागली. माझ्या मते त्याच्या साऱ्या प्रवासाचं खरं फळ हेच.

वकिली फसली. पोर्तुगीजांकडून घेतलेलं बहारीन आणि गोम्ब्रून (आजचं बंदर अब्बास) परत द्या, ही मागणी शाहने मान्य केली नाही. फेलिपेने तुर्कांशी लढावं, ही शाहची अपेक्षाही पुरी झाली नव्हती. मग शाहने हातचं बंदर का सोडावं? 1622 मध्ये इंग्रजांच्या आरमाराची मदत घेऊन इराण्यांनी पोर्तुगीजांकडून होर्मुझही जिंकलं.

फिगेरोआ 1620 मध्ये गोव्यात परतला होता. 1624 मध्ये मायदेशी निघाला आणि वाटेत समुद्रातच वारला. त्याच्या प्रवासवृत्ताचा फ्रेंच अनुवाद 1667 मध्ये पॅरिसला छापला गेला. मूळ स्पॅनिश ग्रंथ छापायला मात्र विसावं शतक उजाडलं.